न भाजणारा हात

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मोठीआई जिवंत आहे तोवरच बोलून घेते. हे कोणीतरी तिला वाचून दाखवेल आणि ती मला शिव्या घालेल. घालू दे. तिच्या शिव्या खाऊनच मी वाढले आहे, मला त्या पचतात.

मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. कुरुंद्याच्या शिवारात आमची हळद असते. चुलते आणि माझे वडील यांच्या वाटण्या कधी झाल्याच नाहीत. चूल एक, शेत एक आणि हुकूम एकटीचा. चुलते वारले, मोठीआईच्या लेकी नांदायला गेल्या, माझे वडील थकून बाजेला लागले, तरी हुकूम तिचाच राहिला. बाजारातून काय आणायचं, कोणत्या सुनेला माहेरी कधी धाडायचं, कोणत्या पोरीला कितवीपर्यंत शिकवायचं, हे ती ठरवणार. माझं शिक्षण बंद करायला ती निघाली होती. मी अन्न सोडून तो डाव हाणून पाडला आणि तेव्हापासून आमचं वाकडं आहे. पण तो राग जुना झाला. माझा खरा राग तिच्या उजव्या हातावर आहे.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे हळद शिजवतात. पूर्वी मोठ्या कढया असायच्या, आता कुकर येतो. ट्रॅक्टरमागं ओढत आणलेलं हे यंत्र, मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ आणि भोवती ड्रम. ड्रमात ओली हळद भरायची आणि वाफ सोडायची. कच्ची राहिली तर धड वाळत नाही, जास्त शिजली तर रंग जातो. म्हणून कधी थांबायचं हे ज्याला कळतं त्याला मान असतो. आसपासचे सगळे शेतकरी यासाठी एक साधी गोष्ट करतात. एक हळकुंड बाहेर काढतात आणि त्यात काडी टोचतात. काडी सहज आत गेली की हळद शिजली.

आमच्या घरात काडी चालत नाही. हळद ही लक्ष्मी, आणि लक्ष्मीला टोचायचं नसतं. चिमटा नाही, फडकं नाही. घरच्या बाईनं वाफेतून निघालेलं हळकुंड उघड्या हातानं उचलायचं, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात धरून दाबायचं, आणि 'शिजली' किंवा 'कच्ची' असं तोंडानं म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मधेच हातातून पडलं तर लक्ष्मी मातीत टाकली असं धरतात. मग पुढं वर्षभर घरात कोणाला ताप आला, म्हैस आटली, मोटार जळली, तरी त्याचं खापर त्या बाईच्या डोक्यावर.

मोठीआईच्या हातून कधीच पडायचं नाही. ती ड्रमात हात घालायची, वाफ तोंडावर घेत सावकाश एखादं हळकुंड निवडायची, ते दाबायची, फिरवायची, पुन्हा दाबायची आणि जमलेल्या माणसांकडं बघून हसायची. आम्हा पोरांना ती जादूच वाटायची. पाहुणे मुद्दाम बघायला येत. बाया तिच्या हाताला हात लावून कपाळाला लावत. देवीचा हात आहे म्हणत. शिरड शहापूरकडचे आमचे सोयरे पहिल्या दिवशी तिला न्यायला गाडी धाडायचे, कारण तिनं 'शिजली' म्हटलं की त्यांचा हंगाम चांगला जातो असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मोठीआई नवी साडी नेसून जायची आणि खणनारळ घेऊन परत यायची. परत आल्यावर चार दिवस तिच्याशी बोलायची सोय नसायची.

माझी आई ही तिची धाकटी जाऊ. मोठीआई सोयऱ्यांकडं गेली की आमच्या ड्रमाला हात घालायचं काम आईकडं यायचं, आणि मोठीआई घरी असली तर आणखी वाईट, कारण मग ती शिकवायला बसायची. आईचा हात हळकुंडाला लागला की झटक्यात मागं यायचा. हळकुंड मातीत.

"काहून टाकलं?" मोठीआई विचारायची. "माह्या हाताला होतं तर तुह्याच्यानं काहून होत न्हाई? नखरे करून राहिली नुसती. उचल."

आई उचलायची. तिची बोटं लाल व्हायची, मग पांढरी, मग फोड यायचे. संध्याकाळी त्याच बोटांनी भाकरी थापायच्या असत. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, त्या फोडांवर दाब द्यायचा, आणि तव्यावर भाकरी टाकताना आई ओठ मुडपून धरायची. मी बाजूला बसून फुंकर घालायचे. ती म्हणायची, "तू अभ्यास कर." अभ्यास मी केला तो या रागापोटी, हे मी कोणत्याही सत्काराच्या भाषणात सांगितलेलं नाही.

पुढं मी शहरात गेले आणि शरीरक्रियाशास्त्र शिकले. शरीरातलं काय कसं चालतं याचं शास्त्र. त्यात मला मज्जासंस्थेनं धरलं आणि सोडलं नाही. पहिल्याच वर्षी वर्गात शिकवलं की हाताला चटका बसला की हात मागं येतो तो मेंदूच्या सांगण्यावरून येत नाही. बोटातली खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच स्नायूंना उलटा निरोप येतो. मेंदूला कळतं ते नंतर, हात मागं आल्यावर. बाकीची मुलं आकृती काढत होती. मी वहीवर पेन दाबून बसले होते. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आईनं शिव्या खाल्ल्या, ते आईनं केलंच नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. त्यात नखऱ्याला जागाच नव्हती, कारण नखरे करायला मेंदू लागतो.

चटक्याची वेदना दोनदा येते हेही तेव्हाच शिकले. आधी एक टोचणारी, धारदार, जाड नसांवरून धावत येणारी. तिच्यामागून दुसरी, बारीक नसांवरून रमतगमत येणारी, जळजळीत आणि लांबत जाणारी. आई भाकरी थापताना ओठ मुडपायची ते या दुसरीसाठी. मला नाव सापडलं होतं. रागाला नाव सापडलं की तो अंगात ताठ उभा राहतो.

सुट्टीत घरी येऊन मी हे सगळं मोठीआईला ऐकवलं. मज्जारज्जू, उलटा निरोप, सगळं. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं.

"म्हंजी कणा हात मागं घेतो," ती म्हणाली.

"व्हय."

"मंग माह्या पाठीला कणा न्हाई का?"

शेंगा फोडायला बसलेल्या बाया हसल्या. प्रश्न बरोबर होता. शास्त्राचा प्रश्न होता तो. सगळ्यांचा हात मागं येतो, तर हिचा का येत नाही? कामानं कातडी जाड झाली असेल, सवय झाली असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं मला तेव्हापासून 'बेडकाची डाक्टरीण' म्हणायला सुरुवात केली, कारण आम्ही पहिल्या वर्षी बेडकाच्या नसेवर प्रयोग करतो हे मीच मूर्खासारखं सांगून बसले होते. सगळ्या गावात ते नाव झालं. आजही कुरुंद्यात उतरले की कोणीतरी विचारतं, बेडूक कसे आहेत.

नंतर मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला लागले. माझ्या खोलीत एक यंत्र आहे. मनगटावर, कोपरावर तारा चिकटवायच्या, विजेचा बारीकसा धक्का द्यायचा आणि नसेतून खबर किती वेगानं जाते ते पडद्यावर बघायचं. निरोगी नस लाट दाखवते, आजारी नस बसकी लाट दाखवते, मेलेली नस सरळ रेघ. मधुमेहाची माणसं येतात, अपघाताची येतात. मी त्यांना कधी म्हणत नाही की तुम्हाला दुखत नसेल. दुखतं म्हणणाऱ्याचं आधी खरं धरायचं, मग मोजायचं, एवढा एक नियम मी विद्यार्थ्यांना घासून घासून शिकवते आणि जो मोडेल त्याला वर्गाबाहेर काढते. माझ्या तिखटपणाची तिथं ख्याती आहे.

गेल्या वर्षी माझ्या भावाचं लग्न झालं. वहिनी पुसेगावाकडची, सोयाबीनच्या घरची. हळद तिनं फक्त डब्यात पाहिलेली. पोरगी हुशार, हसरी, शिवणकाम फार सुंदर करते, आणि शिवणारीची बोटं असतात तशी तिची बोटं आहेत. हळद निघायला लागली तेव्हा तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, त्या ड्रमात मला हात घालावा लागंल का? मोठ्या आत्याबाई म्हनून राहिल्या, यंदा नवी सून घालंल."

मी रजा टाकली आणि घरी गेले. भांडायलाच गेले होते, ते मी लपवत नाही. आईची बोटं गेली ती गेली, या पोरीची बोटं जाऊ द्यायची नव्हती.

मी पोचले तेव्हा शेतात कुकर लागला होता. पहिला ड्रम मोठीआईच बघणार होती, दुसऱ्यापासून वहिनी. ऊन कडक, त्यात जाळ आणि वाफ, सगळ्यांच्या अंगाला धारा लागलेल्या. मोठीआईनं हात घातला, हळकुंड काढलं आणि मला दाखवायला मुद्दाम माझ्या नाकाखाली धरलं. मी पहिल्यांदाच तो हात जवळून, शिकलेल्या डोळ्यांनी बघितला. कपाळावरून घाम गळत होता आणि तळहात कोरडा होता, धुळीच्या रस्त्यासारखा. शेवटची दोन बोटं आत वळलेली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस बसून तिथं खळगा पडलेला. आणि पहिल्या बोटाच्या पेराला एक फोड फुटून त्याचं पाणी वाहत होतं, याचा तिला पत्ता नव्हता.

तिच्या पाठीला कणा होता. त्या हातातून त्याला कोणी खबरच देत नव्हतं.

मला आनंद झाला. हे असं लिहू नये हे मला कळतं, पण झाला, आणि पोटभर झाला. त्या दिवशी मी बाकी काही बोलले नाही. कुकरवाल्याला पैसे देऊन पुढचे ड्रम दुसऱ्या दिवशीवर ढकलले आणि मोठीआईला म्हणाले, "मोठीआई, तुझ्या हातात काय आहे ते मला एकदा तपासू दे. शास्त्राला कळलं पाहिजे."

ती खुलली. तिला वाटलं, बेडकाची डाक्टरीण शेवटी शरण आली. सकाळी तिनं अंगणात बाज टाकली, शेजारपाजारच्या बाया बोलावल्या आणि पदर सावरून ऐटीत हात पुढं केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

माझ्याजवळ सामान थोडंच होतं. कापूस, नायलॉनचा दोरा आणि दोन बाटल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. तिचाच पदर मी तिच्या डोळ्यांवर बांधला. "लागलं की लागलं म्हण, आणि गरम का गार ते सांग." डाव्या हातापासून सुरुवात केली. तिथं तिनं सगळं बरोबर सांगितलं, दोऱ्याचं टोकसुद्धा. बायांनी मानाही डोलावल्या. मग उजवा हात घेतला. कापूस टेकवला. ती गप्प. दोरा टोचून वाकवला. गप्प. गरम बाटली टेकवली, मग गार. अंगण शांत झालं होतं आणि त्या शांततेनं तिला कळलं की काहीतरी होऊन गेलं आहे.

"लागलं," ती म्हणाली.

माझे दोन्ही हात तेव्हा माझ्या मांडीवर होते.

"गरम हाये," ती म्हणाली. "आता गार. आता कापूस हाये."

कोणी हसलं नाही. माझ्यामागं आई उभी होती, हातात पिठाची परात. ती हलक्या आवाजात म्हणाली, "अजून एकदा कर."

मी केलं. मोठीआईनं पुन्हा सगळं चुकवलं. मग मी पदर सोडला आणि तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं. कोपर कशाला आपटलं की झिणझिण्या येतात तिथं ही नस असते. माणसाच्या अंगात ती सुतळीएवढी लागते, हिच्या अंगात ती कासऱ्याएवढी जाड झाली होती. दंडाखाली एक फिकट चट्टा होता, कधीचा तरी, ऊन लागलं म्हणून सोडून दिलेला. तिथंही तिला काही कळत नव्हतं.

"हा देवीचा हात नाही," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "या हातातल्या नसा मेल्या आहेत. याला भाजत नाही कारण याला काहीच कळत नाही. याला फूल दिलं तरी कळायचं नाही."

रोगाचं नाव मी बायांसमोर घेतलं नाही. तेवढी अक्कल मला रागातही होती. बाया गेल्यावर घरात, मोठीआईसमोर भावाला आणि आईला बसवून, दार लावून सांगितलं, हा कुष्ठरोग आहे.

"रगतपिती व्हय?" मोठीआई म्हणाली. ती पहिल्यांदाच खाली बघून बोलत होती. मग मान वर करून म्हणाली, "आमच्या घरात न्हाई तसलं काही. तूच आनलं असशील शहरातून."

भाऊ घाबरला. वहिनीच्या माहेरी कळलं तर काय, गावात कळलं तर पाणी तरी कोणी पिईल का, हे सुरू झालं. मी त्याच्यावर आवाज चढवला. हा जंतूंचा आजार आहे, ते नसेत घर करतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. गोळ्या सुरू झाल्या की तिच्यापासून कोणाला काही होत नाही. ना शाप, ना पाप. डावा हात आणि दोन्ही पाय अजून शाबूत आहेत, आज गेलं तर ते वाचतील. उजवा मात्र गेला तो गेला, तिथली खबर परत यायची नाही.

मोठीआईनं यातलं एकच वाक्य उचललं. "म्हंजी औशिद घेतलं तरी ह्यो हात असाच राहील? भाजनार न्हाई?"

"नाही."

"मंग येते," ती म्हणाली.

माझ्यात लाज नावाची चीज असती तर इथं संपलं असतं. मी मात्र तिथं थांबणार नव्हते. मी म्हणाले, या घरात आता काडी येईल. इतकी वर्षं ज्या हातानं सगळ्या बायांचं माप काढलं, तो हात मेलेला होता. ज्याला वेदना कळत नाही त्यानं दुसऱ्याला किती दुखावं हे ठरवायचं, आणि आपण ते निमूट ऐकायचं, हे आजपासून बंद. ज्याचं जळतं त्यालाच कळतं अशी म्हण आहे ना, मग ज्याचं जळतच नाही त्याला विचारायचंच कशाला? हे मी चांगलंच बोलले होते. वहिनी दाराच्या फटीतून ऐकत होती आणि मला ते माहीत होतं.

"रीत माही न्हाई," मोठीआई म्हणाली. "माह्या सासूची हाये. मीबी नवी आले तवा भाजत होतं मला. रडत होते मी. सासू म्हने, उचल. मंग कवा तरी भाजायचं थांबलं. मला वाटलं, जमलं."

मला वाटतं, तिनं माझ्याशी आयुष्यात खरं बोललेलं तेवढंच. मी ते कानाआड केलं. मला जिंकायचं होतं आणि मी जिंकले होते.

दवाखान्यात तपासून त्यांनीही तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. गावात हाताला वात झाला असं सांगून टाकलं. पहिल्या गोळीनं लघवी लाल झाली तेव्हा तिनं भावाच्या फोनवरून मला झापलं, रगत काढायला धाडलं का म्हणून. पुढं तोंड काळवंडलं, तेव्हा पुन्हा झापलं. गरम काही धरायचं नाही, रोज हात न्याहाळायचा, भिजवून तेल लावायचं, हे तिला सांगितलं की ती म्हणायची, मेलेल्याला तेल कशाला. पण गोळ्या तिनं चुकवल्या नाहीत. सोयऱ्यांची गाडी यायची बंद झाली. बाया तिच्या हाताला हात लावायच्या थांबल्या. वहिनी मला फोनवर सांगायची की घरात आता सगळं आई बघते, बाजाराची पिशवीसुद्धा आईच्या हातात असते. मला फार बरं वाटायचं. आईला उशिरा का होईना मान मिळाला, असं मी लोकांना सांगत होते.

या वर्षी हळद निघाली आणि मी पुन्हा गेले. या वेळी भांडायला नाही, मिरवायला. शहरातून पेढे घेतले होते.

शेतात कुकर धडधडत होता. मोठीआई ताडपत्रीच्या सावलीत बाजेवर बसली होती, उजव्या हाताला सुती फडकं गुंडाळलेलं. तिनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. ड्रमाजवळ आई उभी होती, पदर खोचून, आणि मला ती आधीपेक्षा उंच वाटली. आजूबाजूला कामाच्या बाया होत्या. वहिनी आईच्या मागं. ड्रमाचं झाकण निघालं, वाफेचा लोट आला.

"ये," आई वहिनीला म्हणाली.

वहिनीनं हात घातला. हळकुंडाला बोटं लागली न लागली तोच हात मागं आला आणि हळकुंड मातीत पडलं. मी वाट बघत होते की आई आता काडी देईल. कुडाला तुरीच्या काड्या कितीतरी होत्या.

"उचल," आई म्हणाली.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या बोटांच्या शेंड्यांवर जुने डाग होते, गव्हाच्या दाण्याएवढे. ते आजचे नव्हते. फोनवर ती हे कधी बोलली नव्हती.

"आई, काडी घे ना," मी म्हणाले.

"लक्ष्मीला टोचत न्हाईत."

"आई, तिचा हात आपोआप मागं येतो. तिच्या हातात नाही ते. तुला सांगितलंय मी."

"मला सगळं सांगितलंय तू," आई म्हणाली. तिनं ड्रमात हात घातला, एक हळकुंड काढलं, अंगठ्यात आणि बोटात धरलं आणि दाबलं. हात हलला नाही. चेहरा हलला नाही. फक्त पायाची बोटं मातीत रुतली आणि गळ्याची शीर वर आली. ते काय असतं हे मी वर्गात शिकवते. मज्जारज्जू हात मागं घ्यायला सांगतो आणि मेंदू वरून हुकूम धाडतो की घ्यायचा नाही. धारदार वेदना येते, मागून जळजळीत येते, दोन्ही पोचतात, आणि माणूस उभा राहतो. शिकवताना मी याला शरीराचं कौतुक म्हणून सांगते.

"शिजली," आई म्हणाली आणि हळकुंड सावकाश खाली ठेवलं. मग माझ्याकडं वळली. "मी सोसलं तवा कोन आलं होतं सोडवायला? तू तर फुंकर घालत होतीस. माह्या हाताला झालं, हिच्याही होईल. न्हाई तर ह्या घरात मी केलं काय इतके वर्षं?"

वहिनीनं खाली वाकून मातीतलं हळकुंड उचललं. तिच्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण या वेळी तिनं ते टाकलं नाही. दाबलं. बारीक आवाजात 'शिजली' म्हणाली.

"बघ," आई मला म्हणाली. "जमलं."

बाजेवरून हसण्याचा आवाज आला. मोठीआई हसत होती, काळवंडलेल्या तोंडानं, पोट धरून, डाव्या हातानं.

"ए डाक्टरीनबाई," ती म्हणाली. "आन तुहा दोरा आन बाटल्या. आता तुह्या मायचीबी नस तपास की."

तपासायची गरज नव्हती. आईच्या बोटांना सगळं कळत होतं.